हृदयपंप बसवलेल्या बाबांच्या अंगात पाणी कमी आहे की जास्त, ओळखायचं कसं?

रानजाई | १४ मे, रात्री ९.४२

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

बाबा ६१ वर्षांचे. मागच्या ऑक्टोबरात त्यांना डाव्या बाजूचा हृदयपंप बसवला, हार्टमेट ३. आम्ही कोथरूडला राहतो. कंट्रोलरवर, म्हणजे पंप चालवणाऱ्या पेटीवर, चार आकडे दिसतात: फ्लो (मिनिटाला किती लिटर रक्त), स्पीड (मिनिटाचे फेरे), पीआय (ठोक्याचा चढउतार) आणि पॉवर (लागणारी वीज). रोज सकाळी मी ते वहीत उतरवते. बाबांचं गणित ठरलेलं आहे. स्पीड ५४००, फ्लो ४.२ च्या आसपास, पीआय तीन ते साडेतीन. गेल्या चार दिवसांत फ्लो ४.१, ३.८, ३.५ आणि आज ३.१. पीआय आज १.९. वजन ६३.८ वरून ६२.१ वर आलंय. खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात. पुण्यात या आठवड्यात ऊन कसं तापलंय ते तुम्हाला माहीतच आहे.

पंपाच्या सेंटरला संध्याकाळीच फोन केला. उद्या सकाळी आठला बोलावलंय, सकाळची टॉरसेमाइडची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी देऊ नका म्हणाले. फ्लो अडीचच्या खाली जाऊन अलार्म वाजला किंवा चक्कर येऊन पडले तर थेट कॅज्युअल्टी गाठायची. म्हणजे आत्ता काय करायचं ते कळलंय. मला हे समजून घ्यायचंय.

पंपाच्या आधी चार वर्षं बाबा दिवसाला एक लिटर पाणी मोजून प्यायचे. आईने त्यासाठी पितळेचा एक तांब्या वेगळा काढला होता. तांब्या रिकामा झाला की दिवसाचं पाणी संपलं. तो तांब्या अजून ओट्यावर आहे आणि बाबा अजून त्यातलंच पितात. शेजारचे काका बजावतात की हार्टच्या माणसाला पाणी वाईट. सेंटरचे कोऑर्डिनेटर सांगतात, पाणी कमी पडलेलं दिसतंय. पंप रक्त सतत ढकलतो, म्हणून नाडी हाताला लागत नाही, साध्या मशीनवर बीपी येत नाही. मग अंगातलं पाणी कमी की जास्त हे बघायचं तरी कशावरून?

पाषाणवासी | १४ मे, रात्री १०.०५

ताई, माझ्या आईचं हृदय अशक्त आहे, पंप नाही. तिला पाणी जरा जास्त झालं की दोन दिवसांत पाय सुजतात, रात्री उशाला तीन उशा लागतात. म्हणून वाटतं, पाणी वाढवण्याआधी नीट विचारून घ्या. काळजी घ्या बाबांची.

मुठाकाठ | १४ मे, रात्री १०.३८

रानजाई, मी निवृत्त सिस्टर आहे. शेवटची नऊ वर्षं हृदयविभागाच्या आयसीयूत काढली. पंपाचे पेशंट थोडे सांभाळले, पण जे सांभाळले त्यांनी मला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवलं. आमची सगळी सवय नाडीवर. नाडी जलद झाली, बीपी पडलं, की पाणी कमी. इथे तर नाडीच नाही. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटाही धड आकडा देत नाही, कारण त्याला रक्ताचा ठोका लागतो.

म्हणून आम्ही बीपी डॉपलरने, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, घ्यायचो. दंडाला पट्टा, कोपराच्या आतल्या बाजूला जेल लावून डॉपलरची पेन्सिल. आवाज बंद होईपर्यंत पट्टा फुगवायचा, मग हळूहळू हवा सोडायची. जिथे पहिल्यांदा 'शूं' असा आवाज परत येतो तो आकडा. ज्यांना ठोका जवळजवळ नाहीच त्यांच्यात तो सरासरी दाबाच्या जवळ असतो. साधारण ७० ते ९० च्या मधे असावा. तुमच्याकडे डॉपलर असेल तर आज रात्री एकदा घेऊन वहीत लिहा, उद्या दाखवायला बरं.

आणखी तीन गोष्टी विचारते. लघवी किती आणि कसल्या रंगाची? जीभ बघितलीत का? शौचाला काळं, डांबरासारखं होत नाही ना? शेवटचं फार महत्त्वाचं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असतं आणि पंपाच्या पेशंटला आतड्यातून रक्त जाण्याचा धोका असतो. रक्त गेलं तरी फ्लो असाच उतरतो, आणि नुसतं पाणी पाजून ते भागत नाही.

रानजाई | १४ मे, रात्री १०.५५

सिस्टर, खूप आभार. डॉपलर आहे. आत्ता घेतला, ६८. जीभ कोरडी आहे. लघवी गडद पिवळी, दुपारपासून एकदाच. शौचाचा रंग नेहमीचा. पायाला सूज नाही.

हृद्य | १४ मे, रात्री ११.२०

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. पेशंट समोर नसताना निदान करणार नाही, सेंटरने सांगितलंय तेच करा. पण प्रश्न इतका नेमका विचारलाय की उत्तर द्यायलाच हवं.

आपल्या सोसायटीतली पाण्याची मोटर डोळ्यांपुढे आणा. महापालिकेची लाइन खालच्या टाकीत पाणी सोडते, तिथून मोटर वरच्या टाकीत चढवते. बाबांचा पंप म्हणजे ती मोटर. खालची टाकी म्हणजे हृदयाचा डावा कप्पा. आणि ती टाकी भरायचं काम उजव्या कप्प्याचं: तो रक्त फुप्फुसातून डावीकडे पाठवतो. मोटर कितीही चांगली असली तरी खालच्या टाकीत जेवढं पाणी येईल तेवढंच वर जाणार.

आता टाकी रिकामी का पडते? एक, गावातच पाणी नाही. अंगातलं पाणी घटलं, रक्त गेलं, घाम गेला, गोळी जास्त झाली. दोन, रस्त्यावर पाणी तुंबलंय पण लाइन चोंदली आहे. म्हणजे उजवा कप्पा दमला. शिरांत, यकृतात, पायांत पाणीच पाणी, आणि डावा कप्पा मात्र कोरडा. दोन्ही वेळा कंट्रोलरवर एकच चित्र दिसतं: फ्लो कमी, पीआय कमी. उपाय मात्र उलटे. पहिल्याला पाणी द्यायचं, दुसऱ्याचं काढायचं. म्हणून पंपाचा आकडा हा पाण्याचा आकडा नाही, असं मी शिकाऊ डॉक्टरांना पुन्हापुन्हा सांगतो.

तिसरीही तऱ्हा आहे: बीपी फार चढलं तर पुढची वाट आवळली जाते. तेव्हा फ्लो उतरतो पण पीआय बहुधा वर जातो. म्हणून डॉपलरचा आकडा फ्लोच्या शेजारी लिहायचा.

पीआय म्हणजे काय हेही सांगतो. पंप सतत ओढत असतो, तरी डावा कप्पा स्वतः थोडा धडधडतोच. त्या धडधडीमुळे पंपातून जाणाऱ्या रक्तात जो चढउतार होतो, त्याचं माप पीआय. कप्पा नीट भरला की त्याचा ठोका जोरकस, रिकामा असला की मलूल. पीआय १५ सेकंदांच्या सरासरीपेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त हलला की कंट्रोलर ती घटना नोंदवतो आणि स्पीड तात्पुरता खाली आणतो. कप्पा फारच रिकामा झाला तर त्याची भिंत पंपाच्या तोंडाशी ओढली जाते. त्याला आम्ही सक्शन म्हणतो. उद्या सेंटर कंट्रोलरमधली ही नोंद उतरवून घेईल, तेव्हा 'रात्रीतून किती घटना झाल्या' एवढं नक्की विचारा.

आणि फ्लो हा मोजलेला आकडा नसतो. पंपाला लागणारी वीज, स्पीड आणि रक्ताचा घट्टपणा यांवरून कंट्रोलर तो हिशेबाने काढतो. रक्ताचा घट्टपणा बाहेरून भरावा लागतो. हिमोग्लोबिन बदललं आणि तो आकडा जुनाच राहिला तर हिशेब थोडा चुकतो.

आज तुम्ही लिहिलेलं सगळं एकाच बाजूला झुकतंय: वजन उतरलं, जीभ कोरडी, लघवी कमी, सूज नाही, दाब ६८. पण मानेची शीर कोणी बघितलेली दिसत नाही. उद्या ती बघतील.

प्रतिध्वनी | १५ मे, सकाळी ६.५०

मी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते. पंपाच्या पेशंटचा इको हे सोपं काम नाही, कारण हृदयाच्या टोकाला पंपच बसलेला असतो आणि त्याची सावली अर्धं चित्र खाते. म्हणून मी आधी पोटावर प्रोब ठेवून मोठी शीर बघते, उजव्या कप्प्याकडे जाणारी. ती २.१ सेंटिमीटरपेक्षा बारीक असली आणि नाकाने जोरात श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त मिटली, तर उजवीकडचा दाब कमी. जाड असून ढिम्म राहिली तर दाब जास्त.

मग दोन कप्प्यांमधला पडदा. तो मधोमध असेल तर ठीक. डावीकडे झुकला असेल तर एकतर पंप डावा कप्पा फार उपसतोय किंवा उजवा फुगलाय. तिथे उजव्या कप्प्याचा आकार बघितल्याशिवाय मी रिपोर्टवर सही घेत नाही. जुना रिपोर्ट बरोबर न्या. डावा कप्पा आज किती सेंटिमीटर आहे यापेक्षा तो मागच्या वेळेपेक्षा किती आक्रसला, यालाच अर्थ असतो.

हडपसरकर | १५ मे, सकाळी ७.१५

ताई, माझ्या मिसेसना पंप बसून अडीच वर्षं झाली. वजनाबद्दल दोन अनुभव सांगतो.

पहिला: बॅटऱ्या, कंट्रोलर, पट्टा, पिशवी सगळं अंगावर असतं आणि काढता येत नाही. आम्ही सुरुवातीला कधी जाकिटात वजन घ्यायचो, कधी कमरेच्या पिशवीत. आकडा रोज अर्धा-पाऊण किलोने नाचायचा. आता एकच पिशवी, सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी.

दुसरा: पंप बसल्यावर हिला भूक लागायला लागली. तीन महिन्यांत चार किलो वाढलं. आम्ही घाबरून गोळी वाढवून मागितली. ते पाणी नव्हतंच, अंगाला मांस धरलं होतं. सेंटरने तपासून कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, नव्याने ठरवून दिलं. उलटही होतं: माणूस आतून रोडावत जातो, पाणी वाढत जातं आणि काटा जागचा हलत नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी 'आता यांचं कोरडं वजन किती धरायचं' असं विचारून घ्या.

रानजाई | १५ मे, रात्री ८.३०

घरी आलो, सगळे मिळून. मानेची शीर सपाट होती. मोठी शीर १.१ सेंटिमीटर, श्वासाबरोबर पूर्ण मिटत होती. डावा कप्पा फेब्रुवारीत ५.४ होता, आज ४.६. क्रिएटिनिन (मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारा आकडा) १.१ चं १.५ झालंय. हिमोग्लोबिन १२.२ वरून १३.४, म्हणजे रक्त गेलेलं नाही, उलट घट्ट झालंय असं म्हणाले. रात्रीत पीआयच्या घटनांची लांबलचक यादी होती. अर्धा लिटर सलाईन हळूहळू दिलं, माझ्या डोळ्यांसमोर फ्लो ३.० वरून ३.९ झाला. टॉरसेमाइड बंद ठेवलीय, दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचंय. पाण्याचं रोजचं माप दोन लिटर करून दिलंय, पण मीठ पूर्वीसारखंच बेताचं.

आईने तांब्या दोनदा भरायचा असं ठरवलंय. बाबांना दुसरा तांब्या पिताना अपराध्यासारखं वाटतं. चार वर्षांची सवय आहे.

हृद्य | १५ मे, रात्री १०.१०

फार छान. तो अपराधी भाव मी खूप पेशंटमधे बघतो, रागावू नका त्यांच्यावर. पंपाआधी ज्या पाण्याने त्यांना त्रास व्हायचा, तेच आता पंपाला पुरेसं लागतं.

रानजाई | ९ सप्टेंबर, दुपारी ४.१५

हा धागा वर काढतेय, कारण माझ्या हातून चूक झाली आणि ती इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

गणपतीत घरी पाहुणे होते. मखरासाठी जागा हवी म्हणून वजनकाटा माळ्यावर गेला. दहा दिवस वजन घेतलं नाही. पंपाचे आकडे मात्र रोज लिहीत होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी फ्लो ३.२, पीआय २.१. मला मे महिनाच आठवला. तेच आकडे, तीच अंधारी, तोच थकवा. मी मनाशी ठरवून टाकलं की पाणी कमी पडलंय. दीड दिवस ताक, लिंबूपाणी, इलेक्ट्रालची पाकिटं. सेंटरला फोन केला नाही, कारण मला वाटलं हे आता मला कळतं.

काल सकाळी बाबा न्हाणीघरातून हाक मारत होते. लेंग्याची नाडी नेहमीच्या गाठीपर्यंत पोचत नव्हती. पोट तट्ट फुगलेलं. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणाले, दोन दिवस जेवणावर वासना नाही हेही तेव्हाच सांगितलं. काटा खाली काढला: ६६.९. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. मी त्यांना आरशासमोर उभं केलं, मानेची शीर कानापर्यंत भरलेली होती.

आता ॲडमिट आहेत. मी वॉर्डबाहेर बसून लिहितेय.

मुठाकाठ | ९ सप्टेंबर, दुपारी ४.४०

रानजाई, आधी काही खाऊन घे. मग वाच.

तुझ्या वहीतले आकडे खोटे नव्हते, पण त्या आकड्यांना दोन अर्थ आहेत हे सतत डोक्यात ठेवणं आयसीयूतल्या माणसांनाही जड जातं. आमच्याकडे पायातून घालायच्या तात्पुरत्या छोट्या पंपावर सक्शनचा अलार्म वाजला की नवी मुलं आधी सलाईनची बाटली उघडायला धावायची. मी हात धरायची. पंप जागेवर आहे का बघा, उजवा कप्पा बघा, मग बाटली. बाबा वेळेत पोचलेत. कुठल्या वॉर्डला आहेत वगैरे इथे लिहू नकोस, पण संध्याकाळपर्यंत कळव.

हृद्य | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ७.२५

तुम्ही वर्णन केलंत ते उजव्या बाजूच्या थकव्यासारखं वाटतं. कदाचित ते उजव्या कप्प्यात कॅथेटर घालून दाब मोजतील. घाबरू नका. पाण्याचा अंदाज घ्यायचा खात्रीचा मार्ग तोच आहे, बाकी सगळे आडून बघायचे. शिकागोत नीर उरिएल यांच्या गटाने २०१६ साली पंपाच्या पेशंटांमधे असे दाब मोजून प्रसिद्ध केले. ज्या स्पीडवर ते घरी होते त्या स्पीडला दोन्ही बाजूंचे दाब ठीक असलेले पेशंट निम्म्याहून कमी निघाले. त्यात ओपीडीत चालत येणारे पेशंटही होते. वरवर ठीक दिसणारं आतून ठीक नसतं, हे तिथे दिसलं.

दोन आकडे विचारून घ्या: उजव्या वरच्या कप्प्याचा दाब आणि फुप्फुसाच्या बाजूने घेतलेला वेज दाब, म्हणजे डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज. पहिल्याला दुसऱ्याने भागून ०.६३ पेक्षा जास्त आलं तर उजवीकडचा भार मोठा.

पाषाणवासी | ९ सप्टेंबर, रात्री ९.००

मेमधे मी पाणी वाढवताना जपा म्हणालो होतो, तेव्हा माझं चुकलं होतं. आज तेच खरं ठरलं याचं मला मुळीच समाधान नाही. बाबा लवकर घरी येवोत.

रानजाई | ११ सप्टेंबर, सकाळी ७.००

काल मोजले. उजवा वरचा कप्पा १७, वेज ९. भागाकार मीच केला, जवळपास १.९. इकोत मोठी शीर २.६ आणि श्वासाबरोबर हलत नव्हती, पडदा डावीकडे झुकलेला. प्रतिध्वनीताई, तुम्ही मेमधे लिहिलेलं वाक्य तिथे उभ्याउभ्या आठवलं.

शिरेतून लॅसिक्स (लघवी वाढवणारं) आणि मिलरिनोन (हृदयाचा जोर वाढवणारं) चालू केलंय. पंपाचा स्पीड ५२०० केला. मी विचारलं, फ्लो कमी असताना स्पीड कमी का? डॉक्टर म्हणाले, जास्त ओढल्यामुळे पडदा डावीकडे खेचला जातो आणि उजव्या कप्प्याला पिळायला भिंतच उरत नाही. दोन दिवसांत साडेतीन लिटर लघवी जास्तीची झाली, आणि पाणी कमी होतंय तसा फ्लो वाढतोय. आज ३.७. पाणी काढलं आणि फ्लो वाढला! मे महिन्याच्या बरोब्बर उलटं.

हडपसरकर | ११ सप्टेंबर, सकाळी ८.२०

बरं वाटलं वाचून. हे वाचून आमच्या वहीत आज पोटाचा घेर हा रकाना वाढवला. बेंबीवरून टेप, ड्राइव्हलाइनच्या (पोटातून बाहेर येणाऱ्या पंपाच्या वायरच्या) ड्रेसिंगला धक्का न लावता.

रानजाई | २१ सप्टेंबर, रात्री ९.१०

बाबा परवा घरी आले. हृद्य, एक प्रश्न: मानेची शीर मी घरी बघू शकते का? की ते डॉक्टरांनीच करायचं?

हृद्य | २१ सप्टेंबर, रात्री १०.३०

जरूर बघा. निदान करायला नाही, कालच्यापेक्षा आज वेगळं आहे का एवढ्यासाठी. पलंगाची पाठ निम्मी वर, साधारण ४५ अंश, उशी एकच. मान थोडी डावीकडे, उजेड बाजूने पडेल असा. ॲंगल रोज तोच हवा. शीर कुठवर भरलेली दिसते त्या जागी बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरच्या उंचवट्यापासून सरळ वर किती बोटं होतात ते लिहा. दिसलीच नाही तर 'दिसत नाही' लिहा, तीही नोंदच. पोट दाबून शीर वर चढते का हे आम्ही बघतो, ते तुम्ही घरी करू नका, ड्राइव्हलाइन आहे. पाय उचलून फ्लो बघण्याची चाचणीही हॉस्पिटलमधेच.

आणि सेंटरला फोन करण्याचा तुमचा आकडा आत्ताच ठरवून घ्या. एका दिवसात एक किलोहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त फरक, वर किंवा खाली, असा नियम मी माझ्या पेशंटना देतो. तुमच्या सेंटरचा वेगळा असेल तर तो पाळा.

रानजाई | २२ सप्टेंबर, सकाळी ७.४०

वजन ६३.४. फ्लो ४.०, पीआय ३.१. डॉपलर ७८. शीर दिसत नाही. पोट ८७ सेंमी. नडगीवर खड्डा नाही. काल दिवसभरात तांब्या दीडदा. काटा न्हाणीघराच्या दाराशी ठेवलाय.